फौज पाठवायची का नर्स? परदेशातल्या शाळा-दवाखान्याला पैसा देण्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

१७ सप्टेंबरला, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, झेंडावंदन झालं की आमच्या अभ्यासिकेत कोणीतरी एखाद्या विषयावर बोलायचं असं ठरलेलंय. यावेळी माझी पाळी होती अन् मी हा विषय घेतला. बोलणं झालं वीस मिनिटांचं आणि प्रश्न चालले दीड तास, चहा दोनदा सांगावा लागला. तेच प्रश्न नंतर पण कोण ना कोण विचारतच राहिलं, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलंय. मी काय परराष्ट्र खात्यातला माणूस नाही, कॉलेजात शिकवतो अन् वाचतो एवढंच, त्यामुळं मत माझं आहे, पटलं तर घ्या.

सर, नेमका मुद्दा काय ते दोन वाक्यांत सांगा की

एखाद्या देशात गडबड सुरू झाली की ताकदवान देश तिथं विमानं नाहीतर सैन्य पाठवतात, त्याच्यावर मरणाचा खर्च होतो अन् मागं राहतो तो राडा. त्याच्याऐवजी, आणि मुख्य म्हणजे त्याच्या दहा वर्षं आधी, तिथल्या शाळा, नर्सा, लसी, पाणी याच्यावर पैसा लावला तर लई कमी पैशात लई जास्त टिकणारं काम होतं, असं माझं म्हणणंय. तहान लागल्यावर विहीर खोदू नये हे आपल्याला मराठवाड्यात कोणी शिकवायची गरज नाही.

खर्चात फरक असून असून किती असणार?

२०२४ साली सगळ्या जगानं मिळून लष्करावर साधारण २.७ ट्रिलियन, म्हणजे २,७०० अब्ज डॉलर खर्च केले. त्याच वर्षी श्रीमंत देशांनी गरीब देशांना दिलेली सगळी अधिकृत मदत धरली तर २१२ अब्ज डॉलरच्या आसपास. म्हणजे बंदुकीला शंभर रुपये अन् मदतीला आठ, ते पण पुरते नाहीत. श्रीमंत देशांनी उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी असा ठराव संयुक्त राष्ट्रांत १९७० ला झालाय, पन्नास वर्षं उलटून गेली, बोटावर मोजण्याइतके देश सोडले तर कोणी पाळत नाही.

आता एकच हिशोब करू. अमेरिकेचं टॉमहॉक मिसाइल, एकाची किंमत साधारण २० लाख डॉलर, म्हणजे आपले १७ कोटी धरा. एप्रिल २०१७ मध्ये सीरियातल्या एका विमानतळावर अशी ५९ सोडली. दुसऱ्या दिवशी त्याच विमानतळावरून परत विमानं उडाली. मलेरियाची औषध लावलेली मच्छरदाणी वाटपाच्या खर्चासकट ५ डॉलरला पडते असं धरलं तर एका मिसाइलात ४ लाख मच्छरदाण्या येतात, ५९ मिसाइलांचं गणित तुम्हीच करा.

पण आपला मराठवाडाच फौजेमुळं सुटलाय ना? तुम्ही १७ सप्टेंबरलाच हे बोलायलात!

हा प्रश्न मागच्या बाकावरून आला अन् सगळे हसले, पण प्रश्न एकदम बरोबरय. मी तारीख मुद्दामच निवडली होती.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारताची फौज हैदराबाद संस्थानात शिरली, १७ ला निजामानं हात टेकले. पाच दिवस. रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांनी, जे मांडलं होतं ते बघता दुसरा उपाय उरला नव्हता असंच मला वाटतं, माझ्या आजोबांना पण तसंच वाटायचं, ते मरेपर्यंत "पोलीस ॲक्शन" हा शब्द असा उच्चारायचे की जणू देवाचं नाव. पण त्या पाच दिवसांनंतर काय झालं ते आपण भाषणात घेत नाही. रझाकारांचा राग गावोगावच्या साध्या मुसलमानांवर निघाला. नेहरूंनीच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल कमिटीनं मेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला, अन् तो अहवाल कितीतरी वर्षं दाबूनच ठेवलेला होता. म्हणजे न्यायाच्या बाजूनं गेलेली फौज, आपलीच फौज, तरी मागं एवढं घडलं.

आणि दुसरी गोष्ट. फौजेनं निजाम हटवला, पण मराठवाडा शिकला तो फौजेमुळं नाही. १९५० ला बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढलं तेच आपलं मिलिंद, त्याच सुमारास स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारानं नांदेडला पीपल्स कॉलेज, १९५८ ला विद्यापीठ, सत्तरच्या दशकात अंबाजोगाईला मेडिकल कॉलेज, अन् हे सगळं होऊनही अनुशेष अनुशेष म्हणून आपण अजून रडायलोयच. पाच दिवसांचं काम फौजेचं. पुढची पंचाहत्तर वर्षं मास्तरांची, डॉक्टरांची.

म्हणून फौज कधीच नको असं मी म्हणत नाही. रवांडात १९९४ ला शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं कापली, तिथं त्या क्षणाला शाळा बांधून काय होणार होतं, तिथं सैन्यच पाहिजे होतं अन् नेमकं तिथंच कोणी धडाचं पाठवलं नाही, होतं तेच कमी केलं. १९७१ ला आपण बांगलादेशात गेलो ते पण मला चूक वाटत नाही. पण हे अपवाद. अपवादाच्या नावाखाली इराकसारखं युद्ध खपवायचं नाही.

शाळा-दवाखान्यानं युद्ध थांबतं याचा काही पुरावा?

"अमुक शाळा बांधली म्हणून तमुक युद्ध टळलं" असं छातीठोक कोणी सिद्ध करू शकत नाही, कारण न झालेलं युद्ध दाखवणार कसं. जो कोणी तसं सांगेल त्याच्यापासून जरा लांबच राहा. पण माणसं वाचली का, अन् दुश्मन एका टेबलावर बसले का, एवढं बघता येतं.

देवी रोग बघा. १९६७ ला जगभर मोहीम जोरात सुरू झाली तेव्हा वर्षाला २० लाखांच्या आसपास लोक देवीनं मरत होते. अमेरिका अन् रशिया तेव्हा एकमेकांवर अणुबाँब रोखून बसलेले, तरी या कामात दोघं बरोबर, रशियानं लस दिली, अमेरिकेनं माणसं अन् पैसा. भारतातली शेवटची केस १९७५, जगातली नैसर्गिक शेवटची सोमालियात १९७७, अन् १९८० ला देवी संपली असं जाहीर. सगळ्याचा खर्च साधारण ३० कोटी डॉलर. आमच्या आईच्या दंडावरचा रुपयाएवढा वण म्हणजे त्याच मोहिमेची पावती, त्या पिढीनंतर कोणाच्या दंडावर तो दिसत नाही.

एल साल्वाडोरमध्ये १९८५ ला यादवी चालू असताना सरकार अन् बंडखोर दोघांनी लेकरांच्या लसीसाठी तीन दिवस गोळीबार बंद ठेवला, युनिसेफ अन् चर्च मध्ये पडलं होतं. पुढं दरवर्षी ते चालू राहिलं, युद्ध संपेपर्यंत. लसीनं युद्ध संपलं असं नाही, पण दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांना फोन कसा लावायचा हे तरी कळालं.

आणि १९७१. युद्धाच्या गोष्टी सगळ्यांना पाठ आहेत, पण पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्यानं माणसं पटापट मरत असताना सलाईन संपलं अन् डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोज-सोड्याचं पाणी ड्रममध्ये कालवून नातेवाइकांच्या हाताला दिलं, "पाजत राहा". मरणाचं प्रमाण ३० टक्क्यांवरून चारच्या खाली आलं. आज आशाताई जे ओआरएसचं पाकीट देतात ते सगळ्या जगात रुळलं त्यामागं ही छावणी आहे. नंतर बांगलादेशात ब्रॅक संस्थेच्या बायकांनी घरोघर जाऊन मीठ, गूळ अन् पाणी कसं कालवायचं ते शिकवलं.

अमेरिकेचा अध्यक्ष बुश तर युद्धवाला माणूस, बोलताना त्याचं नाव तुम्ही कौतुकानं का घेतलं?

कारण २००३ साल. जानेवारीच्या भाषणात बुश यांनी आफ्रिकेतल्या एड्ससाठी पेपफार नावाची योजना जाहीर केली अन् मार्चमध्ये इराकवर हल्ला. माणूस एकच, साल एकच. इराकमध्ये जी भयानक शस्त्रं आहेत म्हणून गेले ती सापडलीच नाहीत, लाखो लोक मेले. पेपफारवर वीस-बावीस वर्षांत १०० अब्ज डॉलरच्या वर गेले, अन् त्यातून अडीच कोटी जीव वाचले असा अंदाज आहे. अफगाण युद्धाचा अमेरिकेचा सगळा खर्च ब्राउन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २.३ ट्रिलियन काढलाय, पेपफार त्याच्या साधारण विसाव्या भागाइतकं.

यात आपला पण वाटाय बरं का. एड्सच्या गोळ्या आधी वर्षाला १० हजार डॉलरच्या वर जायच्या, २००१ ला मुंबईच्या सिप्लानं ३५० डॉलरला देतो म्हटलं, दिवसाला एक डॉलरच्या आत. ते झालं नसतं तर बुश यांची योजना पण कागदावरच राहिली असती.

अफगाणिस्तानात एवढा पैसा ओतला, शेवटी तालिबान आलंच की

बरोबर. पण काय ओतलं ते बघा. "पुनर्बांधणी" म्हणून अमेरिकेनं दिलेले साधारण १४५ अब्ज डॉलर, त्यातले निम्म्याहून जास्त अफगाण सैन्य अन् पोलीस उभे करायलाच गेले. अन् तेच सैन्य ऑगस्ट २०२१ मध्ये काही दिवसांत विरघळलं. उरलेल्या पैशात पण शाळा कागदावर, मास्तर कागदावर अन् पगार मात्र खरा, असले प्रकार अमेरिकेच्याच तपासणी कार्यालयानं लिहून ठेवलेत.

तरी पण वाया गेलं असं म्हणवत नाही. वीस वर्षांत लेकरं मरायचं प्रमाण खाली आलं, बाळंतपण करणाऱ्या हजारो बायका शिकून तयार झाल्या, अन् तालिबानला त्यांना कामावरून काढता आलं नाही, कारण काढलं तर त्यांच्याच घरच्या बाया बाळंतपणात मरतील. नवीन पोरींचं ते शिक्षण मात्र डिसेंबर २०२४ ला बंद केलं अन् सहावीच्या पुढची शाळा तर २०२१ पासूनच. म्हणजे शिक्षण कायमचं टिकतं, ते कोणी हिसकावू शकत नाही वगैरे आपण स्टेजवरून बोलतो ते पूर्ण खरं नाही. शिकलेलं हिसकावता येत नाही, पण शिकायचं दार लावून घेता येतं.

पैसा दिला की तिथले पुढारी अन् गुत्तेदार खातात, मग?

खातात. आपल्याकडं खात नाहीत का? रस्ता न करता बिल काढणारे गुत्तेदार आपण रोज बघतो, म्हणून रस्ते बांधणं बंद करा असं कोणी म्हणत नाही. अन् फौजेच्या खर्चात खात नाहीत हे कोणी सांगितलं, तिथं तर "देशाची सुरक्षा" म्हटलं की हिशोब विचारणारा गद्दार ठरतो.

खाणं कमी करायचा एकच रस्ता मला दिसतो, गावातल्या माणसाला, खास करून बायांना, त्या पैशाची माहिती असणं. आमच्या आत्याचं गाव औसा तालुक्यातलं, ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात गेलं. नंतर जागतिक बँकेच्या कर्जातून अन् जगभरच्या मदतीतून घरं झाली. नवीन घर पक्कं, सिमेंटचं, रांगेत. पण म्हैस कुठं बांधायची अन् कडबा कुठं रचायचा हे कोणी विचारलंच नव्हतं. आत्यानं महिन्याभरात घरापुढं पत्र्याचं शेड ठोकलं, अन् पुढची वीस वर्षं ती शेडातच जगली, चूल शेडात, बाज शेडात. घरात ज्वारीची पोती अन् आलेले पाहुणे. मदत उंटावरून शेळ्या हाकल्यासारखी दिली की असं होतं. पुढं दुरुस्तीच्या कामात गावोगावच्या बायांना संवाद सहायक म्हणून नेमलं, सिमेंट किती आलं, किती लागलं हे त्या बघायच्या, अन् तिथं काम बरंच नीट झालं. २००१ ला कच्छला भूकंप झाला तेव्हा यातल्याच बाया तिकडं सांगायला गेल्या.

मदत म्हणजे पण एक प्रकारची दादागिरीच नाही का?

होऊ शकते. ऊसतोडीला जाणाऱ्याला विचारा, मुकादमाची उचल घेतली की कोयता कोणाच्या फडात चालवायचा हे तो ठरवत नाही. देशांचं पण तसंच. १९६५-६६ ला दुष्काळ असताना अमेरिकेच्या पीएल ४८० या धान्य-मदत योजनेच्या गव्हावर आपण जगत होतो, तेव्हा अध्यक्ष जॉन्सन यांनी गहू एकदम न देता महिन्या-महिन्याच्या हिशोबानं सोडला, व्हिएतनाम युद्धावर भारत टीका करायला म्हणून राग होता. बांधावर जे गाजरगवत माजलंय ते पण त्याच गव्हातून आलं असं जुने लोक सांगतात, खुरपून खुरपून पिढी गेली.

म्हणून उचल नको, अनुदान पाहिजे. अन् धान्यापेक्षा शिक्षण बरं. गहू खाल्ला की संपतो अन् परत हात पसरावा लागतो, नर्स तयार झाली की तिला परत देणाऱ्याचं तोंड बघायची गरज राहत नाही. दक्षिण कोरिया युद्धानंतर परदेशी मदतीवर उभा होता, २०१० ला तो मदत देणाऱ्या देशांच्या क्लबात गेला.

लसीवाल्यांच्या नावाखाली हेरगिरी करतात असं ऐकलंय, खरंय का?

एकदा तरी नक्कीच केली. बिन लादेनला शोधायला २०११ ला अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेनं पाकिस्तानातल्या अबोटाबादमध्ये काविळीच्या लसीची खोटी मोहीम चालवली होती. त्यानंतर काय झालं? आधीच संशय होता, तो पक्का झाला. वझिरीस्तानात लसीकरणावर बंदी, पोलिओचे डोस देणाऱ्या बायांना गोळ्या घातल्या, २०१४ ला पाकिस्तानात पोलिओच्या ३०० च्या वर केसेस. त्याच वर्षी मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. मे २०१४ ला व्हाइट हाऊसनं कबूल केलं की इथून पुढं सीआयए लसीकरणाचा असा वापर करणार नाही. मला विचाराल तर या विषयातली सगळ्यात महाग चूक हीच. आशाताईच्या पिशवीत एकदा कोणी कॅमेरा ठेवला की पुढची कितीतरी वर्षं कोणी तिला दार उघडत नाही.

भारतानं काय केलंय का नुसतं दुसऱ्याला शिकवायलाव आपण?

श्रीलंका बघा, तिथं आपण दोन्ही करून बघितलंय. १९८७ ला शांतिसेना गेली, १९९० ला परत आली, जवळपास १२०० जवान तिथं मारले गेले, अन् तमीळ पण नाराज, सिंहली पण नाराज. पुढं २०१६ ला आपल्याच पैशातून तिथं ॲम्ब्युलन्स सेवा सुरू झाली, आपल्या १०८ सारखीच, फुकट. तिचा नंबर १९९०, योगायोग बघा, फौज परत आली ते साल. आज तिथं कोणाच्या छातीत कळ आली तर तो १९९० लावतो. अन् हे अर्थातच फौजेपेक्षा लई स्वस्तात.

नेपाळात धरानचं बी. पी. कोइराला मेडिकल कॉलेज आपल्या मदतीनं झालं, काबूलचा लेकरांचा दवाखाना इंदिरा गांधींच्या नावानं आहे, १९६४ पासून आयटेक योजनेत बाहेरचे लोक इथं येऊन ट्रेनिंग घेतात. पण पैसा? २०२५-२६ च्या बजेटमध्ये संरक्षणाला ६.८१ लाख कोटी अन् दुसऱ्या देशांच्या मदतीला साडेपाच हजार कोटींच्या आत. पाकिस्तान अन् चीन शेजारी असताना संरक्षण कमी करा असं मी म्हणणार नाही, म्हटलं तर मला गावात राहू देणार नाहीत. पण त्या आकड्याच्या शंभरातला एक रुपया जरी शाळा-दवाखान्याला गेला तरी मदत आजच्या दुपटीच्या वर जाते.

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! आपल्याच पीएचसीत डॉक्टर नाही

मागच्या वर्षी आमच्या घरच्याच माणसाला साप चावला तेव्हा जवळच्या सरकारी दवाखान्यात लस नव्हती, चाळीस किलोमीटर जीप पळवली, त्यामुळं हा राग मला नवीन नाही. पण परदेशी मदत बंद केली तर ते पैसे आपल्या पीएचसीत येतील हा भ्रम आहे. ब्रिटननं फेब्रुवारी २०२५ ला मदत ०.५ वरून ०.३ टक्क्यांवर आणायचं ठरवलं, कशासाठी? दवाखान्यासाठी नाही, लष्कराचं बजेट वाढवायला. त्याच वर्षी १ जुलैला अमेरिकेनं यूएसएड ही परदेशांना मदत देणारी आपली संस्था बंदच करून टाकली. अमेरिकेचे जनरल मॅटिस २०१३ ला तिथल्या संसदेला सांगून बसलेत की परराष्ट्र खात्याला पैसे कमी दिले तर मला गोळ्या जास्त घ्याव्या लागतील. हे सैनिक बोललाय, मी नाही.

कोटणीसांचं उदाहरण देतात, पण चीननं १९६२ ला हल्ला केलाच की

केला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ ला पाच डॉक्टरांच्या पथकात चीनला गेले, तिथंच १९४२ ला वारले, वय बत्तीस. चीन अजून त्यांच्या समाधीवर फुलं वाहतो अन् सीमेवर जे करायचं ते पण करतो. डॉक्टर पाठवला म्हणजे सरकार मित्र होईल ही अपेक्षाच ठेवू नये, कोटणीसांनी जखमी माणसं वाचवली, तेवढंच त्यांचं काम होतं.

तिथं पैसा पाठवण्यापेक्षा तिथल्या पोरांना इथं शिकवलं तर?

हा मला सगळ्यात आवडता उपाय, अन् औरंगाबादला, म्हणजे आता संभाजीनगरला, आपण तो बघितलाय. विद्यापीठात येमेन, इराक, सुदान, अफगाणिस्तानची पोरं कितीतरी वर्षं येतात. मी एम. ए. ला असताना शेजारच्या खोलीत येमेनचा एक जण राहायचा, बी. फार्मसीला. पहिले सहा महिने आमची भाषा म्हणजे हातवारे अन् चहा. मार्च २०१५ ला तिकडं सौदीची विमानं बाँब टाकायला लागली तेव्हा तो रात्र-रात्र फोन घेऊन गच्चीवर बसायचा, रेंज गच्चीवरच यायची. घरून पैसे बंद झाले. मेसवाल्या मावशींनी चार महिने त्याच्याकडून एक रुपया घेतला नाही अन् वर "लेकरू वाळलंय" म्हणून दोन चपात्या जास्तीच्या. २०१७ ला येमेनात कॉलऱ्याची साथ आली, दहा लाखांच्या वर संशयित केसेस, तेव्हा तो परत गेला होता अन् एका दवाखान्याच्या औषध दुकानात ओआरएसची पाकिटं वाटत होता.

त्याला मराठी फार आली नाही. पण आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा यायचा, त्यामुळं एक वाक्य पक्कं झालं होतं. अजून सहा-आठ महिन्यांनी एडनहून व्हॉइस मेसेज येतो, आधी सलाम अन् मग लगेच, "पाणी आलं का?" मी त्याला तेच विचारतो.